बंद खुर्चीचे दिवस : सहाय्यक साधनं, हमी आणि ग्राहकाचा कायदा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्हीलचेअरची आणि कानाच्या मशीनची वॉरंटी कुठून आली? प्रश्न रास्त आहे. उत्तर घरातल्याच एका गोष्टीपासून सुरू करतो.

आमच्या एका मावशींसाठी त्यांच्या मुलानं कानाचं मशीन घेतलं. दोन वर्षांची वॉरंटी. चौथ्या महिन्यात ते घोंघावायला लागलं आणि मग गप्पच झालं. दुकानदारानं कंपनीकडे पाठवलं. तीन आठवड्यांनी परत आलं, थोडे दिवस चाललं, पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी सोबत चिठ्ठी आली : आत ओल गेली आहे, आणि ओल वॉरंटीत बसत नाही. आता मुंबईत मे महिन्यात दिवसभर कानामागे बसणाऱ्या वस्तूला घाम लागणार नाही तर काय लागणार? पण ओलीचं नंतर बघू. आमच्या मनात राहिलं ते दुसरंच. कंपनीच्या कागदांवर तीन दुरुस्त्यांच्या तारखा होत्या, बदललेल्या भागांची नावं होती. मधले दिवस कुठेच नव्हते. त्या दिवसांत मावशी फोन उचलत नव्हत्या, दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस बंद होती, आणि जेवताना सगळे हसले की त्या जरा उशिरानं हसायच्या. आम्ही कॅलेंडर समोर घेऊन बेरीज केली, तर एकूण ७१ दिवस निघाले.

फ्रिज बंद पडला तर दूध नासतं, गैरसोय होते, आपण शेजाऱ्यांकडे बर्फ मागतो. व्हीलचेअर बंद पडली तर माणूस अंथरुणात राहतो. शेजाऱ्याची व्हीलचेअर उसनी आणता येत नाही. कृत्रिम पाय तर मुळीच नाही, कारण तो त्या एका मांडीच्या मापाचा असतो. म्हणजे वस्तू बिघडण्याचं नुकसान इथं किमतीत मोजून भागत नाही, दिवसांत मोजावं लागतं. कायदा किंमत मोजायला फार पूर्वीच शिकला. दिवस मोजायला तो कधी शिकला, कुठं शिकला आणि आपल्याकडे कुठपर्यंत आला, एवढंच आज आपल्याला बघायचं आहे.

सुरुवात इंग्रजांच्या कायद्यापासून करावी लागते, कारण आपला खरेदीविक्रीचा कायदा तिथून आला. जुनं तत्त्व सगळ्यांना ठाऊक आहे : गिऱ्हाइकानं डोळे उघडे ठेवून घ्यावं, मागाहून बोंब मारू नये. १८७२च्या भारतीय करार कायद्यात मालविक्रीचं एक प्रकरण होतं. ते पुढे काढून १९३० साली मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला, आणि तो इंग्लंडच्या १८९३च्या कायद्याच्या वळणाचा होता. त्यातलं सोळावं कलम आजही लागू आहे. ते आधी जुनंच तत्त्व सांगतं, की मालाच्या दर्जाबद्दल विक्रेत्याची न बोललेली हमी धरली जाणार नाही. आणि लगेच अपवाद सांगतं. गिऱ्हाइकानं आपली नेमकी गरज विक्रेत्याला सांगितली असेल, आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या गरजेला पुरेसा योग्य असलाच पाहिजे. कागदावर काही लिहिलेलं असो वा नसो.

सहाय्यक साधनांचा सगळा व्यवहार या अपवादातच बसतो, हे आमच्याही फार उशिरा लक्षात आलं. कानाचं मशीन घेणारा माणूस मशीन निवडत नाही. तो आपला कान दाखवतो, तपासणीचा आलेख दाखवतो, आणि समोरचा म्हणतो ते घेतो. कृत्रिम पायाचं तेच, कॅलिपरचं तेच.

शब्दांची एक गंमत इथंच सांगून टाकतो. बाजारात आपण म्हणतो, ग्यारंटी म्हणजे बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. कायद्यात अशी फोड नाही, करारात काय लिहिलंय ते बघतात. पण १९३०च्या कायद्यात दुसरी एक फोड आहे. काही गोष्टी व्यवहाराचा गाभा असतात, त्यांना त्या कायद्यात 'कंडिशन' म्हणजे अट म्हटलंय. ती मोडली तर माल परत करता येतो. काही गोष्टी दुय्यम असतात, त्यांना 'वॉरंटी' म्हटलंय. ती मोडली तर फक्त भरपाई मागायची, माल तुमच्याच गळ्यात. दुकानात ज्या शब्दानं आपण हुरळून जातो, तो जुन्या कायद्यात धाकट्या वचनाचा शब्द आहे. आणि गरजेला योग्य असण्याची सोळाव्या कलमातली जी हमी, ती मात्र कायदा थोरल्या वर्गात घालतो.

१९४३ साली इंग्लंडच्या अपील कोर्टात एका कवळीचा खटला गेला. सॅम्युअल्स विरुद्ध डेव्हिस. एका दंतवैद्यानं एका गृहस्थांच्या पत्नीसाठी कवळी बनवली. कवळी बाईंना वापरताच येईना. नवऱ्यानं पैसे द्यायचं नाकारलं, डॉक्टरांनी पैशासाठी दावा लावला. वाद असा, की ही मालाची विक्री की कौशल्याचं काम? विक्री असेल तर माल योग्य हवा. काम असेल तर डॉक्टर म्हणणार, मी नीट, काळजीपूर्वक काम केलं, आता तुमचं तोंड! कोर्टानं म्हटलं, तुम्ही याला विक्री म्हणा की काम म्हणा, या प्रश्नापुरता फरक पडत नाही. कवळी तोंडात बसली पाहिजे आणि चावता आलं पाहिजे, हे वचन त्यात गृहीतच आहे. आज श्रवणयंत्राच्या दुकानात कंपनी म्हणते बसवणाऱ्याची चूक, बसवणारा म्हणतो मशीनची चूक, आणि दोघं मिळून म्हणतात तुमचा कानच तसा. त्या कवळीच्या खटल्याची आम्हाला तेव्हा हटकून आठवण होते.

अर्थात हे सगळं झालं दिवाणी कोर्टात. वकील, कोर्ट फी, वर्षानुवर्षं. आपल्याकडे तेव्हा कितीजण यासाठी कोर्टात गेले असतील? आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर जाण्याची वेळही फारशी येत नसे. कुबडी सुतार करून द्यायचा, कॅलिपरचा पट्टा तुटला तर मोची शिवायचा, खुर्चीचं चाक सायकलवाला ठीक करायचा. साधनं साधी होती, वाईटही होती, पण गावातल्या हातांना ती कळत होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या जोडीतून जो जयपूर फूट उभा राहिला, त्याचं खरं मोठेपण आम्हाला यात वाटतं. रबर, लाकूड, स्थानिक कारागिरी. पाय बिघडला तर विमानानं कुठे पाठवायला नको.

मोटार, बॅटरी, सर्किट आणि कंपनीचं सॉफ्टवेअर आत गेल्यावर चित्र पालटलं. साधन उत्तम झालं, आणि ते दुरुस्त करू शकणारा माणूस गावातून नाहीसा झाला. हे आधी अमेरिकेत घडलं, म्हणून त्याचा कायदाही आधी तिथं झाला. आपण आता तिकडे जाऊ या.

अमेरिकेत बिघडक्या नव्या गाडीला 'लेमन' म्हणतात, म्हणजे लिंबू. आपल्या खेळातला लिंबूटिंबू वेगळा! तिथं १९७५ साली वॉरंटीवर एक केंद्रीय कायदा झाला, मॅग्नसन-मॉस कायदा. त्यात पूर्ण हमी आणि मर्यादित हमी असा भेद आला. पूर्ण हमी दिली असेल तर 'वाजवी इतक्या' दुरुस्त्यांनंतरही दोष राहिल्यास पैसे परत किंवा नवी वस्तू द्यायची. पण वाजवी म्हणजे किती? तीन? बारा? कंपनी म्हणायची अजून एकदा बघतो. या 'अजून एकदा'ला तोड काढली ती कनेटिकट राज्यानं, १९८२ साली, मोटारगाड्यांसाठी. त्यांनी आकडे घातले. एकाच दोषासाठी चार दुरुस्त्या, किंवा गाडी एकूण ३० दिवस गॅरेजमध्ये, की वाजवी संधी संपली. आता गाडी बदला नाहीतर पैसे द्या.

त्या ३० दिवसांकडे नीट बघा. दोष कसला आहे, तो कारखान्यातला आहे का, तज्ज्ञ काय म्हणतात, या कशाशी त्या आकड्याचा संबंध नाही. गाडी मालकाकडे नव्हती, एवढंच तो मोजतो. आमच्या माहितीत ग्राहकाच्या कायद्यात इतक्या स्पष्टपणे दिवस मोजले गेले ते इथं.

अपंग चळवळीतल्या लोकांना यातला पुढचा प्रश्न सुचायला वेळ लागला नसणार. गाडीवाल्याला बस आहे, टॅक्सी आहे, तरी त्याचे दिवस मोजता; मग खुर्चीवाल्याचे का नाही? कॅलिफोर्नियानं सत्तरच्या दशकातच एक पाऊल टाकलं होतं. तिथल्या ग्राहक हमी कायद्यात सहाय्यक साधनांसाठी खास तरतूद आली, की साधन घेणाऱ्याच्या विशिष्ट गरजेला ते योग्य आहे अशी लेखी हमी विक्रेत्यानं द्यायची. आणि साधन हातात आल्यापासून किंवा ते बसवण्याचं काम पूर्ण झाल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून ३० दिवसांत ते परत करता येईल. 'बसवण्याचं काम पूर्ण झाल्यापासून' हे शब्द ज्यानं घातले त्यानं कधीतरी कृत्रिम पायाचं माप देताना कुणाला तरी बघितलं असणार, असं आम्हाला वाटतं.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिन राज्यानं मोटारवर चालणाऱ्या व्हीलचेअरसाठी थेट लेमन कायदाच केला. त्यात पहिली गोष्ट ही, की उत्पादकानं हमी दिली नसली तरी एक वर्षाची हमी धरलीच जाईल. दुसरी, चार दुरुस्त्या किंवा एकूण ३० दिवस बंद, की नवी खुर्ची किंवा पैसे परत. आणि कोर्टात जिंकलात तर आर्थिक नुकसानीच्या दुप्पट रक्कम, वर वकिलाचा खर्च. पण आम्हाला या कायद्यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो एका अपूर्णांकाचा. पैसे परत देताना वापरापोटी थोडी कपात करता येते. गाडीच्या बाबतीत ही कपात अंतरावर ठरते, गाडी किती पळाली त्यावर. खुर्चीच्या बाबतीत छेदात आकडा आहे १,८२५. म्हणजे किती? पाच वर्षांचे दिवस. पहिल्यांदा तक्रार करेपर्यंत खुर्ची किती दिवस वापरली, भागिले १,८२५, गुणिले किंमत. त्यापेक्षा जास्त कपात नाही. खुर्ची मैलांनी झिजते असं न मानता ती माणसाबरोबर दिवस काढते असं कायद्यानं मानलं. कुठल्यातरी सरकारी मसुदेकारानं हे लिहिलं, आणि त्याच्या ध्यानीमनीही नसेल की कुणी मराठी माणूस व्याख्यानात त्याचं कौतुक करील.

त्या दशकात अनेक राज्यांनी असे कायदे केले. काहींनी श्रवणयंत्रं आणि इतर साधनंही आत घेतली. पुढे मॅसॅच्युसेट्सनं २०२४ मध्ये व्हीलचेअरच्या हमीची मुदत दोन वर्षं केली, आणि दुरुस्ती चालू असताना बदली खुर्ची देण्याची जबाबदारी घातली. दिवस मोजण्याच्या पुढची पायरी ही : दिवस वायाच जाऊ द्यायचे नाहीत.

सगळं गोडीगुलाबीचं झालं असं समजू नका. हमीचा कायदा होऊनही सुटा भाग यायला आठवडे लागतच राहिले, कारण दुरुस्तीच्या चाव्या कंपनीच्याच हातात. म्हणून कोलोरॅडोनं २०२२ मध्ये आणखी एक कायदा केला : मोटारीच्या व्हीलचेअरचे भाग, अवजारं, सॉफ्टवेअर आणि माहितीपत्रकं कंपनीनं मालकाला आणि बाहेरच्या मिस्त्रीलाही द्यायची. १ जानेवारी २०२३ पासून तो लागू आहे. एका अर्थानं, गावातला सायकलवाला परत आणण्याचा हा खटाटोप.

आता घरी येऊ. आपल्याकडे ग्राहक चळवळ म्हटलं की महाराष्ट्राला थोडी कॉलर ताठ करायचा हक्क आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. दिवाणी कोर्टाला वळसा घालून जिल्ह्यात मंच आला, साध्या कागदावर तक्रार करता यायला लागली. सुरुवातीला जिल्हा मंचाची मर्यादा एक लाख रुपयांची होती. दोष दूर करा, वस्तू बदला, पैसे परत द्या, भरपाई द्या, हे चारही आदेश या मंचांना देता येत होते. मावशींच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट ही, की पैसे देणाराच ग्राहक असं नाही. त्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहक. मुलानं मशीन घेतलं, तक्रार आईच्या नावानं करता येते.

पण दिवस? आपल्या कायद्यात चारचा किंवा तीसचा आकडा कुठेच आला नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकरण पहिल्यापासून भांडावं लागतं. आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाचा मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा हा निकाल आला, तोही गाडीचाच. वॉरंटीत दोष असलेला भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन असेल, तर अख्खी गाडी बदलून द्या असा आदेश त्यावरून निघत नाही, असा त्याचा रोख. कराराच्या नजरेनं बघितलं तर तर्क सरळ आहे. पण गंमत बघा, एका देशात गाडीच्या भांडणातून खुर्चीवाल्याला दिवस मिळाले, आणि आपल्याकडे गाडीच्या भांडणातून कंपनीला वाक्य मिळालं. तेव्हापासून 'क्लच बदलून देतो, गाडी नाही' याच चालीवर 'सर्किट बदलून देतो, मशीन नाही' हे उत्तर कंपन्या देतात. आमचं मत विचाराल तर दोन्ही गोष्टी एका मापानं मोजणं बरोबर नाही. तिसऱ्यांदा भाग बदलल्यावरही मशीन बोलत नसेल, तर प्रश्न भागाचा राहिलेला नसतो. सोळाव्या कलमातली ती न लिहिलेली हमी, गरजेला योग्य असण्याची, ती मोडलेली असते. ग्राहक कायद्यातली दोषाची व्याख्याही लेखी कराराबरोबर गृहीत करार मोजते. तक्रारीत नुसतं 'वॉरंटी पाळली नाही' लिहिण्याऐवजी हेही लिहावं, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

२०१९चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या काही गोष्टी अपंग माणसासाठी मुद्दाम केल्यासारख्या आहेत, जरी तशा त्या केलेल्या नाहीत. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आधी विक्रेता किंवा कंपनी जिथं, किंवा व्यवहार जिथं झाला, तिथं जावं लागायचं. सातारच्या माणसानं खुर्ची दिल्लीहून मागवली तर हा फरक केवढा, विचार करा. तक्रार ऑनलाइन भरता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. मुदत मात्र दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून, आणि 'बघतो, पाठवतो' करत दोन वर्षं कशी जातात ते कळत नाही. याच कायद्यात उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आलं. खुर्चीचा ब्रेक सुटून माणूस उतारावर पडला, हात मोडला, तर ते त्या प्रकरणात जातं, आणि लेखी हमी देताना आम्ही निष्काळजी नव्हतो असं सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. खुर्ची नुसती बंद पडून कोपऱ्यात उभी असेल तर मात्र ती साध्या दोषाची तक्रार. वस्तूचं स्वतःचं नुकसान त्या प्रकरणात धरत नाहीत. दोन्हींची सरमिसळ केलेल्या तक्रारी आम्ही पाहिल्यात, वेळ जातो.

आणि वेळ हाच तर आपला विषय. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतात ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. पण त्यातही एक खोच आहे. दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि अहवालाला ४५ दिवस दिलेले आहेत. टीव्ही ४५ दिवस गेला तर गेला. कान ४५ दिवस कसा पाठवायचा? म्हणजे दिवस गेल्याची तक्रार करायला गेलं की कायदाच आणखी दिवस मागतो. यावर याच कायद्यात एक वाट आहे, जी फार कमी लोक वापरतात. प्रकरण चालू असताना आयोग योग्य वाटेल तो अंतरिम आदेश देऊ शकतो. निकाल लागेपर्यंत बदली साधन द्या, अशी मागणी पहिल्याच दिवशी अर्जात करावी. मॅसॅच्युसेट्सनं जे कायद्यात लिहिलं ते आपल्याकडे अर्ज करून मागावं लागतं, पण मागता येतं.

आता सगळ्यात अवघड भाग. आपल्या देशात ही साधनं पुष्कळांना विकत घ्यावी लागत नाहीत, मिळतात. कानपूरचा अ‍ॅलिम्को हा सरकारी कारखाना १९७२ मध्ये स्थापन झाला. १९८१ पासून केंद्राची एडिप योजना आहे. शिबिरं भरतात, तिचाकी सायकली, श्रवणयंत्रं, कॅलिपर वाटले जातात. स्वयंसेवी संस्था वाटतात. जयपूर फूट तर बहुतांश असाच लोकांपर्यंत गेला. हे काम मोठंच आहे. पण शिबिरात मिळालेली तिचाकी महिन्यात मोडली तर तिचा मालक ग्राहक आहे का? ग्राहक म्हणजे मोबदला देऊन घेणारा. त्यानं तर छदामही दिलेला नाही. १९९५ मध्ये शांता खटल्यात, म्हणजे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात की नाही त्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की जिथं सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते तिथं हा कायदा लागत नाही. ते सेवेबद्दल होतं, पण त्याची सावली इथं पडते.

आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. त्या तिचाकीचे पैसे कुणीतरी मोजलेच आहेत, सरकारनं किंवा ट्रस्टनं. आणि विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणारा तोही ग्राहक, हे कायद्याचेच शब्द आहेत. आईला मशीन घेऊन देणारा मुलगा आणि लाभार्थ्याला सायकल घेऊन देणारं सरकार यांत कायद्याच्या शब्दांपुरता फरक कोणता? या मुद्द्यावर कुणीतरी नेटानं भांडायला हवं. शिवाय केंद्र आणि राज्य सरकारला, नोंदणीकृत ग्राहक संस्थेलाही, या कायद्याखाली तक्रारदार होता येतं. वाटप करणारं खातं स्वतःच्या नावानं पुरवठादारावर का जात नाही, हे कधीतरी विचारायला पाहिजे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली राज्य आयुक्तांकडे जाण्याचा रस्ता आहे, आपल्याकडे ते कार्यालय पुण्यात आहे. तो हक्काचा रस्ता. पैसे परतीचा नाही.

आणि एक आकडा तेवढा सांगतो. एडिपच्या नियमात अशी अट आहे, की त्याच कारणासाठी मागच्या तीन वर्षांत मदत घेतलेली नसावी. बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एका वर्षाची. हेतू समजतो, एकाच माणसानं पुन्हा पुन्हा घेऊ नये. पण मोडक्या सायकलच्या बाजूनं वाचा. अमेरिकेतल्या एका राज्यानं ३० दिवस मोजले ते माणसाच्या बाजूनं. इथं तीन वर्षं मोजली जातात ती साठ्याच्या बाजूनं.

दुरुस्तीच्या हक्काचा विषय आपल्याकडेही आलाय. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं समिती नेमली, त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. पहिल्या टप्प्याला क्षेत्रं चार घेतली : शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि वाहनं. व्हीलचेअर यातल्या कशात बसते? तिला चाकं आहेत, पण ती वाहन नाही. २०२० पासून अपंगत्वाला मदत करणारी उपकरणं वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतात, म्हणजे ती औषधांच्या खात्याची. दुरुस्तीच्या हक्काच्या यादीत तिची आठवण कुणाला झाली नाही.

शेवटी उपयोगाचं थोडं बोलतो, कारण घरी मशीन असलेले बरेच जण ऐकतायत. मशीन किंवा खुर्ची दुरुस्तीला देताना तारखेची पावती घ्या, त्यावर दोष तुमच्या शब्दांत लिहून घ्या; 'चेक करणे' एवढंच लिहून देतात ते घेऊ नका. परत आली की तीही तारीख सहीनिशी घ्या. दोन तारखांमधले दिवस कुणी मोजत नाही म्हणून तुम्ही मोजा, आणि त्या दिवसांत काय अडलं ते दोन ओळींत लिहा : दवाखाना चुकला, कामावर खाडा झाला, रिक्षाला इतके गेले. आधी लेखी नोटीस, मग हवं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक, मग आयोग. ओलीचं, घामाचं, धुळीचं कारण सांगून हमी नाकारली तर एवढंच विचारा, की शरीरावर वापरायची वस्तू शरीरावर चालणार नाही हे विकताना सांगितलं होतं का?

मावशींच्या तक्रारीत हाच प्रश्न होता, आणि खाली ७१ दिवसांचा तक्ता जोडला होता. पहिल्या सुनावणीच्या आधीच कंपनीचा माणूस घरी आला. नवं मशीन दिलं, दोन वर्षांची नवी वॉरंटी दिली, तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या. कागदावर लिहिलं होतं, की सदर बदल ग्राहकाच्या समाधानासाठी, कोणताही दोष मान्य न करता. दिवसांबद्दल काही लिहा म्हटलं, तर तो म्हणाला, साहेब, त्यासाठी आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. मावशींनी सही केली. त्यांना ऐकू येत होतं.

इथं थांबतो. प्रश्न घेऊ या.